शिवणीतली माया

आमच्या दुकानाच्या पाटीवर बाबांचं नाव आहे आणि आत मशीनवर आत्या. बाबा गल्ल्यावर बसतात, गळ्यात टेप मिरवतात, गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. त्यांना साधी हातशिलाई येत नाही. आत्या मात्र कापड चिमटीत धरून सांगते, धुतल्यावर किती आटेल. बोलते कमी, विसरते त्याहून कमी.

तिला एकदा मागणी आली होती. शर्टांना काजं करणारा एक हसरा माणूस दुकानात यायचा, तिलाही तो आवडायचा. बाबांनी त्याला दारातच गाठून सांगितलं, "तिला फिट्स येतात." झालं. तो पुन्हा फिरकला नाही, दुकानाला फुकटचे हात मिळाले आणि काजंही आत्याच्याच गळ्यात पडली. हे तिला कळलं पुढे, त्याच काजवाल्याची बायको कपडे शिवून घ्यायला आली तेव्हा. तिने मायेने विचारलं, "आता फिट्स कमी आहेत ना हो?"

आत्या भांडली नाही. बाबांची पँट सैल करू लागली.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस सुटला की माया सोडायची. बाबांची पँट बटण लावायला आली की आत्या मागची शिवण उसवून गुपचूप थोडी माया सोडायची. नवी शिवताना आधीच मोठी कापायची आणि कमरपट्टीच्या आत खडूने लिहायची, चौतीस. बाबा ती चढवून पोटावर थाप मारायचे. "बघा, लग्नातलं माप!" कुणी म्हणालं की शेठ, पोट सुटलंय, तर सुईत दोरा ओवत आत्या म्हणायची, "तेच माप आहे दादा. खा तू."

मला हे कळलं ते इस्त्री करताना. पँट उलटी केली तर शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा. मी ती आत्यापुढे धरली.

"आबांचा पाय आठवतो तुला?" ती म्हणाली.

आबा म्हणजे माझे आजोबा. डायबिटीसने त्यांचा पाय सडला, शेवटी कापला. तोवर जखम धुणं, पट्ट्या बदलणं आत्यानेच केलं. बाबा नाकाला रुमाल लावून दारातूनच चौकशी करायचे.

"तो रोग ह्याच्याही रक्तात आहे. मी नुसती वाट मोकळी करून देतेय."

मला तिची भीती वाटली. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

"आणि बाबांचा पाय सडला की धुणार कोण?" मी विचारलं. "मी नाही हं."

मशीन थांबलं.

पुढच्याच आठवड्यात बाबांना जिना चढताना धाप लागली, म्हणून मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्टमध्ये साखर ठीक निघाली. बाबा उठायलाच लागले.

"बसा. साखर आज ठीक आहे, पण रक्तातली फॅटी ॲसिडं वाढलीत. पोटावर चरबी मावेनाशी झाली की ती अशी रक्तात उतरते. मग स्नायू साखर घ्यायला कुरकुर करतात, आणि इन्सुलिन करणाऱ्या ग्रंथीला दुप्पट राबावं लागतं. ती थकली की डायबिटीस. वडिलांना होता, तुमचा धोका मोठा आहे. पोट आत्ता उतरवलंत तर अजून टळू शकतो."

"पोट? अहो, चौतीस कंबर आहे माझी!"

बाईंनी टेप उचलली. बाबांनी हात आडवा घातला. "शिंप्याने माप बाहेर द्यायचं? बहीण सांगेल."

आम्ही परतलो तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. बाबा आत्यापुढे हात वर करून उभे राहिले. "घे गं. त्या डॉक्टरणीची खोड मोडू."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं 'चौतीस' म्हटलं की तिचा सूड पुरा होणार होता. तिने बाबांच्याच गळ्यातली टेप काढली, कमरेभोवती फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्रेचाळीस."

बाबा हसले. "नीट बघ."

"त्रेचाळीस. इतकी वर्षं माया सोडत आले, दादा. आता शिवणीत उरली नाही."

"पण का?"

"काजवाल्याला तू एकच वाक्य सांगितलंस. मीही तुला एकच सांगत आले."

बाबांचे हात वरच राहिले होते. वाटलं, माफी मागतील. त्यांनी पाणी मागितलं.

त्याच दुपारी आत्याने त्यांची प्रत्येक पँट उसवून खऱ्या चौतीसवर घेतली. एकच मोठी ठेवली, चालायला जायची. बाबा रोज सकाळी ती, आता सैल झालेली, एका हाताने धरून रस्ताभर चालतात आणि परततात तेव्हा आत्या दारात टेप घेऊन उभी असते. आकडा मोठ्याने सांगते, समोरच्या न्हाव्यालाही तो पाठ असतो. ताटात काय पडेल तेही तीच ठरवते. परवा बाबांनी हात जोडले. "पुरे कर गं. त्यापेक्षा मेलो असतो तर बरं."

"तेच चुकत होतं माझं," आत्या टेप आवळत म्हणाली. "पडलास तर माझेच हात राबणार, आणि मेलास तर सुटलास. ते नाही. चांगला धडधाकट जग, दादा. माझं बोलून व्हायचंय अजून. आणि पोट आत ओढू नकोस, दिसतंय मला."