नक्षीच्या कागदावरचे दोन गोल

श्रीदेवी संगणकाला हात लावण्याआधी कागद पसरायची. कागदही कसला, तर तिचे वडील ज्यावर चादरीची नक्षी काढत तो, बारीक चौकड्यांचा. त्यावर दोन गोल काढून ती लाल-निळ्या पेन्सिलीने विद्युतभार मांडत बसे, आणि मागच्या टेबलावर मी जळत बसे. सोलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मी तिच्याहून दोन वर्षांनी सीनियर. ती मला ताई म्हणायची, त्याचाही मला राग यायचा.

विद्युतभारित महारेणू, म्हणजे तिच्या कागदावरचे ते गोल, एकमेकांजवळ आले की कसे वागतात, ते आम्ही दोघी संगणकावर मांडून पाहत असू. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाचा भार जागच्या जागी खिळलेला. गणित झटपट व्हायचे. तिला ते पटत नसे. "एक दोरा ताणला की शेजारचे गप बसतात व्हय, ताई? शेजारी आला की ह्याचा भार सरकणार, ह्याचा सरकला की त्याचा. सगळे निवांत होईस्तोर गणित फिरवत ऱ्हायचं."

एकदा तिच्या गणितात दोन्ही धनभारित गोल अगदी जवळ आल्यावर एकमेकांना ढकलायचे सोडून ओढू लागले. मार्गदर्शक सरांपुढे मी फटकन म्हणाले, "कुठेतरी उणे चिन्ह सुटलं असेल." बंगळूरच्या परिषदेत आमच्यापैकी एकीलाच बोलायला मिळणार होते. सरांनी तिला पुन्हा तपासायला बसवले आणि मला पाठवले. ती एवढेच म्हणाली, "बघते की. चुकलं तर उसवायचं."

दुसऱ्याच दिवशी मी तेच दोन गोल प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकावर वेगळ्या रीतीने सोडवून पाहिले. ओढच निघाली. मी मूग गिळून बसले, परिषदेत टाळ्याही घेतल्या. महिनाभर ती ओळ न् ओळ तपासत राहिली. शेवटी सरांना पटले, तिचा शोधनिबंध छापून आला, परदेशातून बोलावणे आले. माझ्या पोटात दुखायचे ते दुखलेच.

तिला सोडायला स्टेशनवर गेले. तिने तो नक्षीचा कागद माझ्या हातात दिला. मला राहवेना. "महिनाभर तू एवढी शांत कशी होतीस गं?"

ती हसली. "मोठ्या संगणकावर कोण काय चालवलं, त्याची यादी सगळ्यांना दिसती की, ताई. तुमी दुसऱ्याच दिवशी माझे गोल तपासलात. माझं चुकलं असतं, तर तुमी गप बसला असता व्हय?"

गाडी मोहोळच्या दिशेने निघून गेली. ती चिडली असती तर मला बरे वाटले असते. निदान तेवढ्यापुरती तरी ती माझ्याइतकी खुजी झाली असती.