हातचं गेलेलं प्रशिक्षकपद

संघाच्या मालकांनी मला फसवलं. कबड्डीच्या व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक करतो म्हणाले आणि मी ज्याला कोपरा सांभाळायला शिकवलं, त्याला केलं.

मी बिडकीनचा. जुनी यंत्रं घेऊन-विकून वर आलो. खेळणं थांबलं तरी मैदान सोडलं नाही. सहायक म्हणून पकडीची साखळी मी बसवायचो, सामन्यात बोलायचे मुख्य प्रशिक्षक. ते निवृत्त झाले तेव्हा मालकांनी मला जालना रोडवरच्या हॉटेलात बोलावलं. सौद्यात मी कच्चा नाही. मदतनीस कोण, खेळाडू कुणाच्या पसंतीचे, सगळं मनासारखं ठरवून घेतलं. उठणार तेवढ्यात आमच्या एका खेळाडूचे वडील टेबलाशी आले.

"जयभीम, भाऊ."

"जयभीम, दादा. बसा की."

"नाय, गडबडीत आहे," म्हणून ते गेले. मालक चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "बिडकीनला नेमकं कुठं राहता तुम्ही?"

असं विचारणाऱ्याला पत्ता नको असतो. मी सरळ सांगितलं, बौद्धवस्तीत.

पुढच्या आठवड्यात नेमणूक दुसऱ्याची झाली. मी मालकांच्या ऑफिसात गेलो.

"पोरं तुमच्यावर जीव टाकतात," ते म्हणाले. "तुम्ही जोश भरा, डोक्याचं काम नवे प्रशिक्षक बघतील. तुम्ही तर घरचेच."

"घरचा असेन तर तिजोरीची चावी द्या की."

"बघा, हा तापटपणाच नडतो तुम्हाला."

खुर्ची लाथाडून मी बाहेर पडलो, सहायकपदही सोडलं. नवा प्रशिक्षक सरावात पोरांच्या कानाखाली काढतो. त्याला शिस्त म्हणतात.

आता हंगाम चालू आहे. पोरांचे फोन येत नाहीत. खेळाडूंची निवड त्याच्या हातात, त्यांना तरी दोष कसा देऊ? सामना लागला की बायको शेजारणीकडे जाऊन बसते. माझं तोंड बघवत नाही म्हणते. मी टीव्हीचा आवाज बंद करून पाहतो. परवा मीच बसवलेल्या साखळीत समोरचा चढाईपटू अडकला. मी ताडकन उठलो, "पाहिलं का?" म्हणालो. घरात कुणी नव्हतं. झाकून ठेवलेली भाकरी तशीच राहिली.

मैदानात घाम गाळायला आमच्या वस्तीतली पोरं चालतात. मग त्यांना डाव सांगणारा आमच्यातला का चालत नाही? स्वभावाचं कारण पुढं करू नका. मालकांनी माझ्यासमोर बसावं आणि याचं उत्तर द्यावं.