ऑपरेशनआधीचं दही

ज्या दिवशी यांचं ऑपरेशन ठरलं होतं, त्या दिवशी ते झालं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही वालूरला राहायचो. हे शेती करायचे, मी शाळेत शिकवायचे. कापसाची गाठोडी उचलून उचलून यांच्या जांघेत गाठ आली होती. आतडं खाली उतरतंय, एखाद्या दिवशी अडकलं तर जिवावर बेतेल, असं सेलूच्या सर्जननी बजावलं होतं. पण यांचे एक चुलते पूर्वी पोटाच्या ऑपरेशनला म्हणून गेले ते परत आलेच नव्हते. तेव्हापासून यांना सुरीची धास्ती. गाठ हातानं आत ढकलायची, वरून लंगोट आवळायचा आणि कामाला लागायचं, असं त्यांनी वर्षभर रेटलं.

मला वाचायचा नाद. एका पुस्तकातलं मी यांना वाचून दाखवलं. आपल्याकडे फार पूर्वी कपाळाची कातडी वळवून कापलेलं नाक बसवत. विलायतेत मात्र कित्येक वर्षं न्हावीच चिरफाड करत.

"म्हंजी आपला न्हावी तिकडं सर्जन झाला आसता," हे म्हणाले. "मग सेलूला कशाला जायचं? दाढीसंगंच उरकून घेतो."

गावात गळू फोडायला तेव्हाही न्हाव्यालाच बोलवत, त्यामुळे मला नीटसं हसूही आलं नाही. शेवटी आक्का पुढे झाल्या. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्याच गल्लीत दिलेली. "बैल बी नाल ठोकताना एवढा बोंबलत न्हाई," एवढं एकच वाक्य त्या चारचौघांत बोलल्या आणि हे तयार झाले.

डॉक्टरांचा हुकूम होता, आदल्या रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. तो आम्ही इमानानं पाळला. सकाळी एस.टी. गाठायला निघालो तेव्हा आमच्याबरोबर येणाऱ्या आक्कांनी यांच्या हातावर दही-साखर ठेवली. एवढ्या मोठ्या कामाला माणूस बिनशकुनाचा कसा जाणार? शेजारच्या काकू पाहत होत्या. उद्या काही बरं-वाईट झालं तर 'काकूंनीच दही दिलं नव्हतं' असं कोण ऐकून घेणार? त्यांनीही दिलं. मग पुढच्या घरानं, मग समोरच्यानं. स्टँडपर्यंत एकही उंबरा सुटला नाही. माझ्यासकट कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. दही म्हणजे काय जेवण?

सेलूला डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?"

"न्हाई," हे म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

हे टेबलावर आडवे झाले. भूल द्यायला कंपाउंडर वाकला आणि थांबला. "डॉक्टरसाहेब, मिशीला काहीतरी पांढरं हाय."

"हे काय?"

"शकुनाचं दही."

"किती खाल्लं?"

यांनी जरा विचार केला. "गल्लीभर."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. भुलीत पोटातलं वर येतं, श्वासनळीत गेलं की माणूस दगावतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं आणि ऑपरेशन रद्द केलं. हे टेबलावरून उतरले ते थेट चपला शोधायला. "देवानंच आडवलं. चला घरी." मला कळून चुकलं, आज हा माणूस परत गेला तर पुन्हा येणार नाही. आणि ती गाठ काही आमच्या सवडीनं अडकणार नव्हती.

आक्का दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसल्या. "शकुन द्याया गेले आन् आपशकुन करून बसले." डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या शेजारी पायरीवरच बसले.

"आक्का, दही कुणाला देतात?"

"निघणाऱ्याला."

"हे तर झोपून राहणार. जायचंय मला, यांच्या पोटात. मग दही कुणाचं?"

"तुमचं," आक्का म्हणाल्या.

"आन् तुमी चुकलात तर?" यांनी लांबूनच विचारलं.

"तर आक्कांना धरा. दही त्यांचं."

हे हसले. हसले म्हणजे चपला पायातून निघाल्या. त्या दिवशी आम्ही दवाखान्यातच राहिलो. यांच्या तोंडात काही जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी राखणीला आक्कांनाच खोलीच्या दाराशी स्टूल दिलं. मी ओला रुमाल घेऊन गेले तर आक्कांनी मलाही अडवलं. "तू तिकडंच थांब. बायकोचं मन लय मऊ आसतंय, पिळशील त्यो तोंडात."

सकाळी त्यांनी डॉक्टरांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. डॉक्टरांनी ती चाटून खाल्ली, मग कोपरापर्यंत साबण लावून हात धूत राहिले. येलदरीला धरणावर वीज व्हायची आणि सेलूत नेमकी ऑपरेशनच्या वेळी जायची. ती गेलीच. कंपाउंडरनं बॅटरी धरली. आक्का दाराबाहेर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. दार उघडलं तेव्हा अंगातला झगाही न काढता डॉक्टर आधी त्यांच्याजवळ गेले. "झालं, आक्का. सुखरूप आलो."

नंतर सेलूच्या पंचक्रोशीत डॉक्टरांना दही द्यायची रीतच पडली. डॉक्टर पुढे चांगलेच सुटले.

तेव्हा सर्जन म्हणजे एकच माणूस. तोच दात उपटायचा, हाड बसवायचा, बाळंतिणीला सोडवायचा आणि पायरीवर बसून भांडणंही मिटवायचा. गेल्या वर्षी यांच्या हृदयाचं ऑपरेशन नांदेडला झालं. तिथे हृदयाचे वेगळे, भुलीचे वेगळे. काय करणार ते त्यांनी पडद्यावर चित्र काढून दाखवलं. सेलूच्या डॉक्टरांना असलं काही दाखवता आलं नसतं, करता तर मुळीच आलं नसतं. सगळे कामात वाकबगार होते, अदबीनं बोलले. शेवटी हे गेले, ते सांगायला एक तरुण डॉक्टर मुलगी आली. ती मला आजी म्हणाली आणि तिनंच डोळे पुसले. यांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा चेहरा मला आज आठवत नाही, कारण मास्कशिवाय तो मी पाहिलाच नाही.

सेलूचे डॉक्टर कधीच गेले. त्या पायरीनंतर यांनी पुष्कळ वर्षं शेत केलं, मुलांची लग्नं केली. आता शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आहे. वालूरच्या घरात आक्का आणि मी राहतो.