तरंगणारी राख

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या पौर्णिमा इंगळेला पीएच.डी. हवी होती ती मिरवायला नव्हे, घरातून निघायला. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. नवरा धम्मरत्न पुण्याच्या कंपनीत, सणावाराला येणार. ही सासू-सासऱ्यांजवळ, वाशीमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणार. अमरावतीला कायमची जागा निघाली होती. अट एकच, मुलाखतीआधी पदवी पुरी हवी. आणि पदवी अडली होती राखेवर.

वीजकेंद्राच्या राखेत पिठासारखे बारीक, पोकळ गोळे असतात. ते साच्यात गच्च भरायचे आणि वितळलेलं ॲल्युमिनियम दाबानं त्यांच्या फटींतून घुसवायचं. थंड झालं की तुकडा धातूचाच, पण आतून फेसासारखा, म्हणून हलका. गाडीत बसवला तर धडक बसताना स्वतः चेचला जातो आणि माणसाला वाचवतो. आधी तिनं गोळे वितळलेल्या धातूत ढवळून पाहिले होते. ते फुटले, पोटात धातू शिरला आणि फेसाचा दगड झाला. वर्ष वाया. आता राखेचं शेवटचं पोतं उरलं होतं आणि सोमवारी अमरावतीला, तयार तुकडे चेचून पाहायच्या दाबयंत्रावर, नंबर होता.

चांगले गोळे निवडायची रीत साधी. राख पाण्यात टाकायची. पोकळ ते तरंगतात, फुटके आणि भरीव तळाशी बसतात. कॉलेजात पाण्याची बोंब, म्हणून तिनं घरीच अंगणात टप भरला, त्यात राख टाकली आणि तास घ्यायला गेली.

परत आली तर केशरबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळं आवरून ठेवलेलं. टप घासून पालथा, सुपात राख वाळत घातलेली. पौर्णिमानं सूप उचललं. जड.

“आई, वरचं काय केलं?”

“वरचं पोचट होतं ना वं! देल्लं नालीत लोटून. खालचं चांगलं तेवढं ठेवलं तुह्यासाठी.”

जन्मभर त्यांनी बियाणं असंच पारखलेलं. बुडतं ते पेरायचं, तरंगतं ते फेकायचं. चिडायचं तरी कुणावर? म्हातारीनं दुखऱ्या कंबरेनं मदत केली होती.

पौर्णिमानं ओढणी कमरेला बांधली, चहाची गाळणी घेतली आणि नालीच्या काठावर जाऊन बसली. नशीब, नाली तुंबलेली होती. पांढरट साय अजून पाण्यावर होती.

शेजारच्या विमलबाई फाटकात आल्याच. “काहो मॅडम, सोनं सापडून राह्यलं काय?”

“सोन्यानं भागलं असतं तर सराफाकडं गेले असते.”

“पौर्णिमा, घरात ये पयले!” सासरे पुंजाजी दारातून ओरडले. “कालेजची मास्तरीण नालीत हात घालून राह्यली, लोकं काय म्हणतीन?”

“मामाजी, सोमवारी नंबर आहे माझा.”

“अन् गाळणी माह्यी हाय!” केशरबाई आतून म्हणाल्या.

धुऊन, भट्टीत भाजून, चाळून जे उरलं त्यात धातू घुसवून पाचाऐवजी तीनच तुकडे झाले.

सोमवारी पहिला तुकडा यंत्राखाली गेला. भार चढला, आणि मग पडद्यावरची रेघ आडवी सरकत राहिली. आतले गोळे थराथरानं चेचले जात होते. तुकडा खचत होता, पण तडकत नव्हता. दुसरा तसाच. तिसराही. एवढ्या वर्षांत हवं होतं ते नेमकं हेच. पौर्णिमानं श्वास सोडला.

तिचे मार्गदर्शक भागवत सर खूश झाले, तेही क्षणभरच. “रेघ सुंदर आहे. पण पाच तुकडे ठरले होते. तिनावर मी सही करणार नाही.”

“सर, माझी मुलाखत...”

“मुलाखत तुझी, नाव माझं जाईल. पुढच्या सत्रात ये.”

आणि वाईट हे, की त्यांचं चुकत नव्हतं.

अमरावतीची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. पौर्णिमानं पुन्हा तासिकांच्या करारावर सही केली. नवं पोतं आलं तेव्हा मात्र तिनं टप मागच्या खोलीत भरला आणि दाराला कुलूप घातलं.

“कुलूप?” पुंजाजी म्हणाले. “या घरात धान्याच्या कोठीलेही कुलूप नाही. आमी काय चोर हाओत?”

केशरबाई नुसत्या पदरानं डोळे टिपत राहिल्या. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

पौर्णिमानं कुलूप काढून पर्समध्ये टाकलं आणि टपावर झाकायला मोठं ताट शोधायला ती स्वयंपाकघरात गेली.