सामायिक नावाची ड्राइव्ह

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. दादाजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण... कारण काय, ते मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही.

दहा-अकरा वर्षं झाली. डिचोलीत आमच्या घरी एकच कॉम्प्युटर होता. मी इंजिनिअरिंगला होतो, मला लिनक्स हवं होतं, दादा-वहिनीला विंडोज. मी त्या एकाच मशीनवर दोन्ही बसवलं. सुरू करताना हवं ते निवडायचं. शिवाय दोन्हीकडून उघडेल अशी एक वेगळी ड्राइव्ह केली आणि तिला नाव दिलं 'सामायिक'. घरात माझी केवढी वाहवा झाली!

वहिनी पेडण्याची. लग्नानंतर बाहेरून एम.ए. करत होती. प्रबंधाला तिने विषय घेतला होता खाणींवरच्या बायकांचा. यंत्रं येण्याआधी ज्या डोक्यावरून खनिजाच्या पाट्या वाहायच्या, त्या. लाटंबार्शाला, आमोण्याला जाऊन ती त्या म्हाताऱ्यांपाशी बसायची आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं भरून आणायची. मोबाइल भरला तेव्हा मीच म्हटलं, वयनी, सगळं सामायिकमध्ये टाका आणि मोबाइलवरचं पुसा. तिने पुसलं. माझ्यावर विश्वास होता ना.

आता ती दुपार.

विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते ड्राइव्ह धरून ठेवतं. एक सेटिंग बदललं की हे थांबतं. मला ते ठाऊक होतं — पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं — पण राहून गेलं. त्या दुपारी मला मित्रांच्या सहलीचे व्हिडिओ सामायिकमध्ये टाकायचे होते. लिनक्सने नकार दिला. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं, ही ड्राइव्ह विंडोजने सोडलेली नाही, इथे फक्त वाचता येईल. विंडोजमध्ये जाऊन ते पुरतं बंद करून यायला कितीसा वेळ लागला असता? पाच मिनिटं? बाहेर मित्र स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत होता. मी जबरदस्तीने लिहिण्याची आज्ञा दिली. व्हिडिओ टाकले आणि निघून गेलो.

संध्याकाळी परतलो तर वहिनी पडद्यासमोर उभी. बसलेली नाही, उभी. विंडोजने सुरू होताना ड्राइव्ह तपासली होती, आणि वहिनीच्या फोल्डरात आता भलत्याच नावांच्या फाइली होत्या. एकही उघडेना.

"भावजी, माझ्याकडसून काय चुकलां काय?" तिने विचारलं.

मला एका नजरेत कळलं काय झालंय ते: दुपारी मी जबरदस्तीने लिहिलं, त्यातच तिची रेकॉर्डिंगं गेली. दादा दारात येऊन उभा होता. आणि मी म्हणालो —

"वयनी, काल तुमी नीट बंद केलां नाय असतलां. मधीच बटन दाबल्यात काय?"

ती विचारात पडली. मग हळू म्हणाली, "दाबलां असतलां. माका आठवत नाय."

तिने दाबलं नव्हतं. तिने प्रत्येक वेळी सांगितल्याप्रमाणेच बंद केलं होतं.

पुढे काय सांगू? ती त्या बायकांकडे पुन्हा गेली. दोघी बोलल्या, पण उरकल्यासारख्या. सांगून झालेलं पुन्हा कोण मनापासून सांगणार? त्यांच्यातली पार्वतीआजी मात्र तोवर वारली होती. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी जिने पाटी उचलली होती, ती. वहिनीने एम.ए. सोडलं. सोड असं तिला कुणी म्हटलं नाही. दादा पाहुण्यांसमोर थट्टेने म्हणायचा, हिच्या हातात मशीन देऊ नका. सगळे हसायचे. मीही हसायचो — हो, मीही.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. दादाची मुलगी सातवीत आहे. शाळेचा निबंध टाइप करायचा म्हणून तिने लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. वहिनीने तो लगेच बाजूला सरकवला.

"माका नको गो. माझ्या हातान एकदा सगळां गेलां. काकाक सांग."

दादा समोर होता, वहिनी समोर होती. बोलायला याहून बरी वेळ कोणती असते?

"दी हडे, मी करतंय," लॅपटॉप माझ्याकडे घेत मी पोरीला म्हणालो, आणि तिचा निबंध टाइप करून दिला.