त्यांच्या हातची हवा

मी धंद्यानं वायरमन. खोडदपासून राजुरीपर्यंत कितीतरी घरांची फिटिंग माझ्या हातची आहे. ही बढाई नाही, जाऊन बटणं दाबून बघा. पण दिवसभर लोकांकडं ट्यूबलाइटी बसवून घरी आलो, की मी पडवीत गॅसबत्त्या, कंदील आणि पितळी स्टो घेऊन बसायचो. बायको म्हणायची, "अवं, लोकं हसत्यात. वायरमनच्या घरात घासलेटचा वास!" हसू देत. पुढं भारनियमन सुरू झालं, अर्धा अर्धा दिवस लाईट गायब व्हायला लागली, तेव्हा हेच हसणारे माळ्यावरच्या बत्त्या काढून माझ्या दारात आले.

हे वेड वडलांचं. त्यांच्या तरुणपणी आमच्या माणसांनी दुसऱ्याच्या वरातीत डोक्यावर बत्ती धरून चालायचं आणि घरी येऊन अंधारात जेवायचं, अशी रीत होती. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वडलांनी डोक्यावरची बत्ती खाली ठेवली ती कायमची. दुरुस्ती मात्र सोडली नाही. "बत्तीचा काय दोष?" म्हणायचे. नव्वद सालानंतर त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा पाने, पिना आणि चामड्याचे वायसर भरलेली त्यांची पेटी माझ्याकडं आली. मी मंचरच्या आणि नारायणगावच्या भंगारवाल्यांकडं खेटे घालून जुने स्टो गोळा केले. एका रिटायर फौजीनं दिलेला डब्यात मावणारा स्टो अजून माझ्याकडं आहे. त्यावर त्यानं बर्फात चहा केलाय. चिंच आणि राख लावून पितळ घासायला लागलो, की मला जेवणाची आठवण राहत नाही.

वडलांचा एक नियम होता. बत्ती हातात आली की आधी हवेची चावी सैल करायची, मग टाकी रिकामी करायची. आत हवा कोंडलेली असताना पाना लावला, तर रॉकेलची चिळकांडी थेट डोळ्यात. हा नियम माझ्या हातात इतका मुरला होता, की डोकं विचार करायच्या आत बोटं चावीवर गेलेली असायची.

एका हिवाळ्यात लोणीचा एक माणूस बत्ती घेऊन आला. चाकणला कंपनीत कामाला होता. म्हणाला, "घर पाडायचंय, आईला तिकडं घेऊन चाललोय. जायच्या आधी तिला ही पेटलेली बघायचीय. तेवढं करा." बस गाठायची म्हणून पाणीसुद्धा न घेता गेला.

बत्तीवर बोटभर धूळ होती. पंपाच्या दांडीला कोळ्याचं जाळं. मी चावी फिरवली आणि फुस्स करून हवा सुटली. आता बत्तीतली हवा काय टिकते? आठवडाभर टिकली तरी वायसरचं कौतुक करावं. ही वर्षानुवर्षं पडलेली बत्ती, आणि हवा सुटतच राहिली. अंगठ्याला गार लागत होती. एखाद्या माणसानं खूप वेळ कोंडून धरलेला श्वास सोडावा, तशी हळूहळू कमी होत थांबली. मग मी काच काढली. आतली कापडी जाळी मऊ, पांढरीशुभ्र, एकदाही न पेटलेली. म्हणजे कुणीतरी रॉकेल भरलं, नवी जाळी बांधली, पंप मारला आणि पेटवलीच नाही. अंगावर सर्रकन काटा आला. मग माझा मलाच राग आला. आम्ही बुद्धाची माणसं, आत्माबित्मा मानत नाही. पिवळं पडलेलं रॉकेल घमेल्यात ओतलं, त्यातच बर्नर धुतला, जाळी तोडून टाकली आणि ते रॉकेल अंगणातल्या धुळीवर फेकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई आली. एकटी, एसटीनं. पायरीवर बसूनच म्हणाली, "भाऊ, बत्ती खोलली न्हाई ना?"

"का हो ताई?"

"तिच्यात आमच्या मालकांच्या हातची हवा हाय."

तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी लाईट गेली, तेव्हा नवऱ्यानं ही बत्ती तयार केली. काडी ओढणार तेवढ्यात लाईट आली. "आली की गं!" म्हणून बत्ती तशीच फळीवर ठेवली आणि मोटार चालू करायला विहिरीवर गेला. तिथं स्टार्टरला शॉक बसून जागीच गेला. ही चुलीपुढं भाकरी थापत होती. कुणीतरी ओरडत आलं तेव्हा तिला कळलं. तेव्हापासून तिनं त्या बत्तीला हात लावू दिला नव्हता. "माज्यासाठी उजेड करून ठिवला व्हता त्यांनी. त्यो बघायचा ऱ्हायलाय. त्येवढा बघते, मंग घर पाडा न्हाईतर जाळा. पोराला सांगितलं व्हतं, न खोलता पेटवणारा मानूस बघ म्हणून. तुमाला हवेचं बोलायला त्याला लाज वाटली आसंल."

मी वायरमन. शॉक म्हटल्यावर माझीच मान खाली गेली. आणि तोंडातून निघून गेलं, "नाही ताई. अजून हात नाही लावला."

"लई उपकार झालं," म्हणाली. "खोलू नका. पंप मारू नका. हाय तशीच पेटवायची. शुक्रवारी या, दिवेलागणीला."

ती गेल्यावर मी अंगणात जाऊन तो रॉकेलचा डाग बघत उभा राहिलो. भरून काय काढणार, कपाळ! ताजं रॉकेल भरलं, नवी जाळी बांधली. मध्येच विझू नये म्हणून मोजून पन्नास पंप मारले. आणि सांगायला लाज वाटते, चुलीतली राख घेऊन पंपाच्या दांडीला पुन्हा धूळ फासली.

गुरुवारी संध्याकाळी भाकरी वाढता वाढता बायको थांबली. "कुठली बत्ती फुसफुसतीय हो?" मी पडवीत जाऊन एकेक चावी पाहिली. बाकीच्या सगळ्या टाक्या रिकाम्या होत्या. लोणीच्या बत्तीची चावी घट्ट होती, साबणाचं पाणी लावून पाहिलं तर एक बुडबुडा नाही. तरी आवाज होता. बारीक, संथ. आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे होतो. मग तो हळूहळू कमी होत थांबला. बायको म्हणाली, "द्या बाई ती कधी एकदाची नेऊन." मी तिच्यावर उगाच खेकसलो.

शुक्रवारी लोणीच्या त्या घरात भांडं की गोधडी, काहीच उरलं नव्हतं. आमचीच पावलं घुमत होती. मी बत्ती आढ्याच्या आकड्याला अडकवून पेटवली. पहिल्या काडीला जाळीनं पेट घेतला, असा उजेड माझ्या हातून कधी पडला नव्हता. ती जमिनीवर बसली. बत्तीकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती. दाराशीच बोलायला लागली. "म्हैस नणंदंकडं दिली. मोटार इकली, तिचं तोंड बघवत न्हवतं. तुमी जेवला बी न्हवता त्या दिशी." मुलगा भिंतीकडं तोंड करून उभा होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं उजेड पिवळा पडायला लागला. मुलगा पंप मारायला पुढं झाला. "हात लावू नगंस," ती म्हणाली. "त्यांचा हाय तेवढाच." जाळी तांबडी झाली, दोनदा उघडमीट झाली आणि गेली.

अंधारात अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "भाऊ, किती पंप मारलं तुमी?"

खोटं सुचलं नाही. "पन्नास."

"ते तीसच मारायचं. मोठ्यानं मोजायचं. तीसवर बत्ती एवढा येळ ऱ्हातच न्हाई." मग हळूच म्हणाली, "मंग त्यांची हवा?"

"बत्ती आली त्याच दिवशी सोडली ताई. मला माहीत नव्हतं. चुकलो मी."

"आवाज आला व्हता?"

"आला. खूप वेळ येत होता."

अंधारात तिच्या बांगड्या वाजल्या. बहुतेक पदर तोंडाला लावला असेल. मग म्हणाली, "आन ह्या खेपंलाबी मी जवळ न्हवते."