पदराखालचा कान

माझा डावा कान गेला तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची असेन. मध्य भारत मोडून नवा प्रांत झाला आणि ह्यांचं दफ्तर इंदूरहून भोपाळला गेलं. इंदूरला होते तेव्हा हे दर शनिवारी घरी येत. भोपाळला राहायला जागा मिळेना, म्हणून मी उज्जैनलाच सासूबाईंजवळ राहिले आणि हे सणापुरते येऊ लागले.

पुढच्या पावसाळ्यात कान वाहू लागला. उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग पडायचा. सासूबाई उठायच्या आत मी तो धुऊन टाकी. शेवटी ठणका सोसेना तेव्हा त्यांना सांगितलं.

"कान म्हणू नकोस कुणापाशी," त्या म्हणाल्या. "एकदा बहिरी नाव पडलं की जन्मभर पुसत नाही. डोकं दुखतं म्हणू."

रोज त्या लसूण घालून तेल कढवायच्या आणि माझ्या दोन्ही कानांत घालायच्या. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या, मला पोळू नये म्हणून. त्यांच्या मायेबद्दल मला कधी शंका आली नाही.

मग फ्रीगंजमधल्या डॉक्टरांकडे नेलं. मोठ्या माणसांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी कपाळापर्यंत पदर ओढून स्टुलावर बसले आणि शेजारच्या स्टुलावरून सासूबाई बोलल्या.

"बहू का सिर दुखता है, डाक्टरसाब. एकसारखा दुखता है."

"भूख लगती है?"

"खाती है, चिड़िया जैसा."

"बहू गूँगी है क्या, माताजी?"

"नहीं साब, अच्छे घर की है."

डॉक्टर हसले. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली. माझा पदर ते कसा सरकवणार? आणि मी तरी कसा सरकवावा? कान पदराखालीच राहिला. कंपाउंडरने आमच्या घरच्या बाटलीत लाल औषध भरलं आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. अशा पाच बाटल्या मी डोक्यासाठी प्याले.

दिवाळीला हे आले. मी ओट्याशी उभी होते, दार डाव्या हाताला. कधी आले ते मला कळलंच नाही. मागे वळले तर हे आईशी बोलत होते, "तीन हाका मारल्या. मान वळवत नाही. भोपाळला नेलं नाही म्हणून रुसलीय." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रुसेल नाही तर काय करील." चार दिवस हे माझ्याशी मोजकंच बोलले. सासूबाईंसमोर खरं सांगायची सोय नव्हती, आणि एकांतात माझी जीभ उचलली नाही. हे गेले ते तसेच.

पौषात नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई देवासला गेल्या. घरात मी एकटी. दोन दिवस गेल्यावर मला कळेना की घर शांत आहे की माझे कान. एरवी रामघाटावरची आरतीची घंटा घरात ऐकू यायची, ती येईना. डाव्या कानाशी चुटकी वाजवली, काही नाही. उजव्याशी वाजवली तर ती कुणी गल्लीच्या टोकाला वाजवावी तशी ऐकू आली. हाही गेला तर ह्यांची हाक मला पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हती, आणि हे मला रुसलेलीच समजत राहणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी टांग्यात बसले. माधवनगरच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर बसतात असं शेजारणीकडून ऐकलं होतं. बायकांच्या रांगेत दुपार झाली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्या तकलीफ़ है?" मी सवयीनं बाजूच्या स्टुलाकडे पाहिलं.

"उधर कोई नहीं है," त्या म्हणाल्या. "इधर देखो."

त्या लिहिणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर इतक्या बायका, पण त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी पदर खांद्यावर घेतला.

त्यांनी कपाळाच्या आरशातून उजेड पाडून पाहिलं. "तेल डाला?"

"रोज. दोनों में." माझा आवाज मलाच परका वाटला.

उजव्या कानात तेल आणि मळ घट्ट बसला होता. कोमट पाण्याची पिचकारी मारून त्यांनी तो काढला, आणि एकाएकी बाहेरच्या बायकांची कलकल आत शिरली. मला रडूच आलं. डाव्याबद्दल त्या म्हणाल्या, "पर्दा फट गया है. पहले आतीं तो…" आणि त्यांनी पिचकारी पुसून ठेवली. मग म्हणाल्या, "अब तेल नहीं. और डाक्टर के सामने सिर मत ढाँको, बेटी." परतताना टांग्याच्या घोड्याचे घुंगरू मी सबंध रस्ताभर ऐकले.

चौथी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला कितीसा वेळ लागावा? मला तीन दिवस लागले. कार्ड कुणीही वाचेल म्हणून घेतलं नाही, लिफाफा घेतला. लिहिलं : 'मी रुसले नव्हते. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. आपण उजवीकडून बोलावं.'

उत्तर आलं. जागेचा अर्ज दिला आहे, गहू महाग झाला आहे, आईची काळजी घे. कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते पत्र दोनदा वाचलं, पाठही उलटून पाहिली.

होळीला हे आले. मी अंगणात गहू निवडत बसले होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. हे चपला काढून आले, डावीकडे थबकले, मग सुपाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. मी पदर कानामागे सारला.

ह्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मी गहू निवडत, ह्यांच्या हाकेची वाट पाहत राहिले.